विषय : जिनिव्हातील संयुक्त राष्ट्रांचे कार्यालय (पॅले दे नासिओं) आतून दाखवण्याचे पैसे घेऊन ते फाटकाबाहेरूनच दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी आपल्या प्रतिनिधींनी माझे बोलणे पुरे होण्याआधीच फोन बंद केला, म्हणून हे लेखी कळवीत आहे. आपल्या युरोप सहलीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत जिनिव्हाच्या दिवसापुढे ‘पॅले दे नासिओं येथे मार्गदर्शकासह आतील फेरी, प्रवेश शुल्क समाविष्ट’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. प्रत्यक्षात बस समोरच्या चौकात थांबली, ध्वजांच्या रांगेपुढे छायाचित्रे काढायला सांगितले आणि थोड्याच वेळात आम्हाला पुन्हा बसमध्ये बसवले. त्या चौकातील मोडक्या पायाची 12 मीटर उंच लाकडी खुर्ची भूसुरुंगांच्या विरोधात 1997 साली उभारली गेली, एवढेही सहल व्यवस्थापकांनी सांगितले नाही. रावेर-भुसावळच्या सहप्रवाशांना ते मी सांगितले.

आत जाण्यासाठी आगाऊ नोंदणी आणि ओळखपत्र लागते, आणि पाहुण्यांचे प्रवेशद्वार त्या चौकात नसून प्रेन्यीच्या बाजूला आहे, हे आपल्याला ठाऊक नसेल असे मी मानत नाही. आमच्या पासपोर्टची माहिती व्हिसाच्या वेळेपासून आपल्याकडे होती. तरीही नोंदणी झाली नाही आणि शुल्क मात्र घेतले गेले.

मी जळगाव जिल्ह्यातील शाळेत नागरिकशास्त्र शिकवत निवृत्त झालो. ही सहल निवडली ती याच एका ओळीसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या ज्या राष्ट्रसंघासाठी ही वास्तू बांधली गेली, त्याचा भारत पारतंत्र्यात असूनही 1920 पासून सदस्य होता, आणि 1937 साली त्याच्या सभेचे अध्यक्षपद भारताचे प्रतिनिधी आगाखान यांच्याकडे होते. सर्वंकष अणुचाचणी बंदी करारावर भारत सही करणार नाही, हे 1996 साली भारताच्या राजदूत अरुंधती घोष यांनी ज्या निःशस्त्रीकरण परिषदेत ठणकावून सांगितले, ती परिषदही याच वास्तूत भरते. स्पॅनिश चित्रकार होसे मारिया सेर्त यांच्या भित्तिचित्रांनी मढवलेले तेथील सभागृह मी वर्गात कितीदा वर्णन करून सांगितले असेल! ते डोळ्यांनी पाहायचे राहून गेले. या वयात पुन्हा तिकडे जाणे होईल असे वाटत नाही.

आता आजच्या फोनविषयी. आपल्या प्रतिनिधींनी प्रथम माझा बुकिंग क्रमांक विचारला, मग मला बराच वेळ थांबवून ठेवले आणि परत येऊन पुन्हा तोच क्रमांक विचारला. मी कार्यक्रमपत्रिकेतील ओळ वाचून दाखवली. त्यावर, “काका, इमारत दिसली ना? फोटोही आला. आत नुसत्या खुर्च्याच असतात,” असे उत्तर मिळाले. शुल्क कोठे गेले, असे मी विचारले. “एवढ्याशा रकमेसाठी कोणी फोन करत नाही,” असे ते म्हणाले. रक्कम लहान असो वा मोठी, ती माझ्या निवृत्तिवेतनातील आहे, असे मी सांगत असताना मागे कोणीतरी हसल्याचे मला स्वच्छ ऐकू आले. “जळगावहून एवढ्या लांब जाऊन आलात, हेच पुष्कळ झाले,” हे त्यांचे शेवटचे वाक्य. खानदेशातील माणसाला फाटकाबाहेरचे छायाचित्र पुरते, असे आपल्या कंपनीचे मत आहे काय, याचे उत्तर मला व्यवस्थापनाकडून हवे आहे.

आतील फेरीचे पैसे घेतले आणि आतील फेरी घडवली नाही, एवढीच माझी तक्रार आहे. आपल्या नावावर विश्वास ठेवून माझ्या शब्दाखातर आणखी दोन कुटुंबांनी नोंदणी केली होती. त्यांना तोंड दाखवताना मला संकोच होतो.

आमच्या संपूर्ण गटाचे प्रवेश शुल्क परत करावे, आजच्या संभाषणाबद्दल लेखी माफी मागावी आणि जी फेरी आपण घडवत नाही ती कार्यक्रमपत्रिकेतून काढून टाकावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या कारणांवरून मी जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. या कायद्यानुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे आपल्या प्रतिनिधींना जळगावला यावे लागेल. कार्यक्रमपत्रिका व पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

आपल्या सहलीतील एक प्रवासी,
जळगाव