मांजराचा ताप: सुनंदास पत्र

जुळे सोलापूर,
५ मे

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर मी जवळजवळ ओरडलेच तुझ्यावर, पण तू बोक्याला अर्धी पॅरासिटामॉल द्यायला निघाली होतीस! तो आता व्यवस्थित जेवतोय हे कळलं, जीव भांड्यात पडला. तरी पुढच्या वेळेसाठी सगळं सविस्तर लिहिते.

ती गोळी मांजराचं यकृत पचवू शकत नाही. तिच्या विषाने रक्तातल्या तांबड्या पेशींना प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या निळ्या-तपकिरी पडतात, तोंड सुजतं. एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. आयबुप्रोफेनही तसंच घातक. तेव्हा घरातला औषधांचा डबा त्याच्यासाठी उघडायचाच नाही.

आणि अंग गरम लागलं म्हणजे ताप, असं नसतं गं. आपलं ९८.६, तर मांजराचं १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. धडधाकट मांजरसुद्धा आपल्या हाताला गरमच लागणार. नाक कोरडं की ओलं, यावरूनही काही ठरत नाही. थर्मामीटरच लावावा लागतो, तोही गुदद्वारात.

मेडिकलमधून मऊ टोकाचा डिजिटल थर्मामीटर आण. काचेचा, पाऱ्याचा नको, धडपडीत फुटला तर केवढ्याला पडेल! हा फक्त बोक्याचा, म्हणून वेगळा ठेव. मी दिलेला जाड सोलापुरी टॉवेल आहे ना, त्यात त्याला गुंडाळ, डोकं आणि शेपटीची बाजू तेवढी मोकळी. भाऊजींना समोरून धरू दे, गोड बोलत राहू दे. टोकाला व्हॅसलीन लाव, शेपूट अलगद उचल आणि सरळ रेषेत जेमतेम इंचभर आत सार. जोर लावायचा नाही. बीप वाजेपर्यंत धरून ठेव. फारच बिथरला तर सोडून दे, थोड्या वेळाने बघ, कारण भीतीनेही पारा चढतो. नंतर थर्मामीटर साबणाने धुऊन स्पिरिटने पूस.

१०३ च्या वर गेलं की डॉक्टरांना फोन कर. १०४ दिसलं तर त्याच दिवशी घेऊन जा, सकाळची वाट बघू नकोस. ९९ च्या खाली गेलं तर तेही तितकंच गंभीर, उबदार गुंडाळून लगेच ने. आकडा ठीक आला, पण बोका पलंगाखाली दडून बसलाय, दिवसभर अन्नाला तोंड लावत नाही, तरीही दाखव. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते, आणि तुझा बोका तर चांगलाच गुबगुबीत आहे.

आमच्याकडे सध्या ऊन विचारू नकोस, दुपारी नव्या पेठेतसुद्धा चिटपाखरू नसतं. आमची चिंगी गच्चीवरून तापून आली की मी आधी तिला फरशीवर निवांत पडू देते, मगच मोजते. मात्र मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं, तर मोजत बसायचं नाही. तो उष्माघात असू शकतो. साध्या पाण्याने अंग ओलं करायचं, पंखा लावायचा, बर्फ नाही, आणि तसंच रिक्षात घालून दवाखाना गाठायचा.

जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर आजच फ्रिजवर चिकटव, रात्री कोण उघडं असतं तेही विचारून ठेव. बोका बरा असतानाच एकदा मोजून वहीत लिही, म्हणजे त्याचा नेहमीचा आकडा तुला कळेल. किती आला ते मला कळव.

भाऊजींना नमस्कार.

तुझीच,
मंगल