थंडीतला चारा बेताचाच हवा

मा. संपादक महोदय,

पाऊस सरून पाणी निवळले आणि काठ चालण्याजोगे झाले की पानशेत, मुळशी, पवना या धरणांच्या फुगवट्यावर सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसलेली मंडळी दिसू लागतात. मीही अनेक वर्षे गळाने मासे धरत आलो आहे, त्यामुळे या छंदाविषयी माझी काहीच तक्रार नाही. हे पत्र चाऱ्याविषयी आहे. मासे एका जागी जमावेत म्हणून गळ टाकण्याआधी पाण्यात जो चारा सोडला जातो, तो ऐन थंडीतही उन्हाळ्याइतकाच, त्याच जिनसांचा आणि तेवढ्याच सढळ हाताने सोडण्याची सवय आपल्याकडे रुजली आहे. ती माशाच्या, पाण्याच्या आणि गळ टाकणाऱ्याच्याही हिताची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस हे सगळे कार्प कुळातले मासे. त्यांच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर चढते-उतरते, आणि पाणी दहा अंशांनी थंड झाले की त्यांच्या शरीरातील सारे व्यवहार साधारण निम्म्यावर येतात. त्यातून या कुळातल्या माशांना जठरच नसते. घशातल्या दातांनी भरडलेले अन्न थेट आतड्यात उतरते. एकदाच भरपूर खाऊन साठवून ठेवण्याची सोय नसल्यामुळे हे मासे थोडे थोडे, पुन्हा पुन्हा खातात, आणि थंडीत तेवढे अन्न आतड्यातून पुढे सरकायलाही फार वेळ लागतो. आपल्याकडच्या कार्प माशांना २५ ते ३० अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हवेचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो. पाणी हवेइतके गार पडत नाही हे खरे, तरी माशाची भूक मंदावण्याइतके ते नक्कीच उतरते. अशा माशापुढे शेंगदाणा पेंडीचे मोठमोठे गोळे टाकले, तर दोन घासांत त्याची गरज भागते आणि गळाला लावलेल्या आमिषाकडे तो फिरकत नाही. चिलापी तर थंडीला याहूनही नाजूक. तिच्यासाठी या दिवसांत वेगळा चारा तयार करण्यात फारसा अर्थ नसतो.

येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. पैसे भरून मासे धरायच्या खासगी तळ्यांत मासे दाटीने सोडलेले असतात, त्यांना रोज खाद्य घातले जाते आणि चारा पाण्यात पडताच ते तुटून पडतात. तिथे जमलेली गणिते घेऊन आपण मोठ्या पाण्यावर जातो. पुण्याभोवतीचे बहुतेक जलाशय बांधलेलेच आहेत; कात्रजचा तलाव पेशवाईतला, खडकवासला एकोणिसाव्या शतकातले. तरीही जिथे मासा शेवाळ, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि गाळातल्या किड्यांवर वाढतो, त्या पाण्याला नैसर्गिक तळ्याचाच नियम लावला पाहिजे. अशा पाण्यात मासे विरळ असतात, थंडीत खोल भागात थव्याने स्थिरावतात आणि फार हिंडत नाहीत. म्हणून आधी दोरीला वजन बांधून खोली मोजावी, जुन्या ओढ्याचे पात्र किंवा तळाचा उतार शोधावा आणि मगच चाऱ्याचा विचार करावा. मासे नसलेल्या जागी पाच किलो चारा ओतला तरी ते लांबून चालत येत नाहीत.

आता चारा कशाचा असावा, याविषयी. थंडीतल्या चाऱ्याने माशाला वास आणि चव द्यावी, पण त्याचे पोट भरू नये. त्यासाठी मूळ मिश्रण हलके आणि बारीक असले पाहिजे. मला स्वतःला तांदळाचा कोंडा आणि चुरमुऱ्यांची पूड समभाग, त्यात मूठभर ज्वारीचे भाजलेले पीठ आणि उरलेली जवळजवळ निम्मी काळी माती, हे मिश्रण सर्वांत भरवशाचे वाटते. माती पाहून नवखे लोक नाक मुरडतात, परंतु मातीमुळे गोळ्याला वजन येते, तो खोल पाण्यात तळापर्यंत न फुटता पोचतो, पाण्यात गढूळपणा पसरून माशाला बिनधास्त वाटते, आणि यातले काहीच खाऊन माशाचे पोट भरत नाही. इंग्लंडमधले अनुभवी लोकही हिवाळ्यात चाऱ्यात माती मिसळतात, ते याच कारणासाठी. चुरमुऱ्यांची पूड मात्र वर तरंगत येते. कटला पाण्याच्या वरच्या थरात खाणारा मासा असल्यामुळे त्याच्यासाठी ती वाढवावी आणि तळाशी चरणाऱ्या मृगळासाठी कमी करावी. रोहू मधल्या थरातला, त्याला दोन्ही चालते.

कोंडा ताजा असणे फार महत्त्वाचे आहे. गिरणीतून आणलेल्या कच्च्या कोंड्यातले तेल त्यातल्याच विकरामुळे काही दिवसांत खवट होते. आणल्या दिवशीच तो कढईत मंद आचेवर भाजून घेतला तर हा दोष टळतो आणि वासही खुलतो. मिश्रण भिजवताना सगळे पाणी एकदम ओतू नये. निम्मे पाणी शिंपडून ते अर्धा तास झाकून ठेवावे, मग उरलेले पाणी घालून पिठाच्या चाळणीने चाळावे, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. लिंबाएवढा गोळा करून त्याच जलाशयाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत सोडावा. तो तळाशी टेकून थोड्या मिनिटांत आपोआप विरघळू लागला पाहिजे. दगडासारखा तसाच पडून राहिला, तर त्यात चिकट पीठ जास्त झाले आहे असे समजावे. मैदा म्हणूनच मी टाळतो. सुरुवातीला असे तीन-चार गोळे पुरे होतात. त्यानंतर मासा लागला तरच एखादा आणखी टाकावा. दुपारी ऊन पाण्यात मुरल्यावर मासे थोडे हलतात, तेव्हा उरलेला चारा वापरणे सकाळी सगळा उधळण्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

वासाबाबतही असेच आहे. मेथी, बडीशेप आणि ओवा भाजून पूड करून घातले की पुरते. तेलात कालवलेला चारा थंडीत फसतो, कारण तेल पाण्यात विरघळत नाही आणि गार पाण्यात ते घट्ट होत जाते. खोबरेल तेल तर २४ अंशांच्या खाली गोठतेच, हे पुण्यातल्या प्रत्येक घराला डिसेंबरात दिसते. ते लावलेल्या गोळ्याचा वास पाण्यात पसरणार कसा? थोडा गूळ पाण्यात विरघळवून त्याने चारा भिजवला तर चव पाण्याबरोबर दूरवर जाते.

शेंगदाणा पेंडीविषयी मला जरा कळकळीने लिहायचे आहे, कारण आपल्याकडे ती सर्वमान्य आहे. तिच्यात साधारण ४० टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात, म्हणजे थंडीत नको असलेला जडपणा तिच्यात भरपूर. शिवाय ओल लागलेल्या पेंडीवर बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत हे विष सापडले, आणि पुढे मासेही त्याला बळी पडतात हे सिद्ध झाले. पावसाळाभर पोत्यात पडून राहिलेली, कडेला हिरवट-पिवळसर डाग आलेली पेंड गुरांना घालवत नाही म्हणून माशांना घालणे ही काटकसर नव्हे. सरकीच्या पेंडीतही गॉसिपॉल हे अपायकारक द्रव्य असते. पेंड वापरायचीच असेल तर ती ताजी, कोरडी आणि मिश्रणात चिमूटभर असावी.

पाण्याचा विचार तर याहून मोठा आहे. पाषाण तलावात सांडपाण्यामुळे जलपर्णी किती माजते, हे पुणेकरांना सांगायला नको. न खाल्लेली पेंड तळाशी कुजते तेव्हा ती प्राणवायू ओढून घेते आणि नत्र-स्फुरद पाण्यात सोडते. जलपर्णीला हेच खत हवे असते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांवर तो साडेसातच्या जवळ येतो. म्हणजे थंडीत तळाशी साचलेल्या खरकट्याची किंमत माशांना एप्रिल-मेमध्ये मोजावी लागते. एका माणसाच्या चाऱ्याने तळे बिघडते असे मी म्हणत नाही, सांडपाण्यापुढे तो नगण्य आहे. पण साठलेल्या पाण्यात, एकाच काठावर, दर रविवारी पडणाऱ्या पोतीभर पेंडीचे तसे नसते. आणि खडकवासल्याचे पाणी तर शहर पिते.

मासेमारीचा ठेका असलेल्या सहकारी संस्था परवाना देताना त्यावर दोन ओळी छापू शकतील: थंडीत माणशी चारा किती, आणि बुरशी आलेली पेंड चालणार नाही. तयार चाऱ्याची पाकिटे विकणाऱ्या दुकानदारांनी आतल्या जिनसा आणि तयार केल्याची तारीख मराठीतून छापावी, कारण सध्या अनेक पाकिटांवर फक्त माशाचे चित्र असते. आपल्या दैनिकाने हिवाळ्याच्या सुरुवातीला या विषयावर जाणकारांकडून एखादा लेख लिहवून घेतला तर बरे होईल. उरलेला चारा निघताना पाण्यात फेकून न देता घरी नेऊन कुंडीत किंवा खतखड्यात घालावा, एवढी विनंती माझ्या सोबत्यांना आपल्या पत्राद्वारे करतो.

आपला,
एक वाचक, पुणे