मूळ गुहाचित्रांच्या नावाखाली प्रतिकृती दाखवल्याबद्दल व सहलीतील इतर त्रुटींबद्दल तक्रार

दिनांक : ९ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय : ११ ते १७ मे २०२५ या काळातील फ्रान्स ग्रामीण सहलीत जाहिरातीप्रमाणे सेवा न मिळाल्याने रकमेचा परतावा मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीमार्फत मी, माझे पती, दहा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांची आई असे चौघेजण वरील काळात फ्रान्सच्या दॉर्दोन्य भागातील ला रोक-गाझाक या खेड्यात राहून आलो. माणशी २,४५,००० रुपये याप्रमाणे ९,८०,००० रुपये आम्ही जानेवारीतच भरले होते. परत आल्यावर २२ मे रोजी मी ई-मेलने केलेल्या तक्रारीला आपल्याकडून चार ओळींचे उत्तर आले आणि त्यात ‘परदेशात थोडेफार इकडेतिकडे व्हायचेच’ असे म्हटले आहे. जे झाले ते थोडेफार नव्हते आणि ते परदेशामुळे तर मुळीच झाले नाही, एवढ्यासाठी हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

गावाबद्दल आमची काहीही तक्रार नाही, हे आधीच नमूद करते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला उभा कडा आणि त्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत मधाच्या रंगाच्या दगडांची घरे, असे ते गाव आहे. कडा दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे दिवसभर ऊन धरून ठेवतो आणि त्या उबेवर तिथे चक्क ताडाची आणि केळीची झाडे वाढतात, त्यामुळे माझ्या मुलाने पहिल्याच संध्याकाळी ‘हे तर कोकण’ असा निकाल दिला होता. मंगळवारी पाहिलेले बेनाक आणि कास्तेल्नो हे नदीच्या दोन काठांवरचे, इंग्लंड आणि फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धात एकमेकांविरुद्ध उभे असलेले किल्लेही ठरल्याप्रमाणे व्यवस्थित पाहून झाले. बिघडले ते आपण लिहून दिलेल्या कार्यक्रमात.

माझी आई निवृत्त चित्रकला शिक्षिका असून शाळेच्या सहली घेऊन ती अनेकदा अजिंठ्याला गेलेली आहे. लास्को येथील गुहाचित्रे पाहण्याची तिची फार जुनी इच्छा होती आणि ही सहल आम्ही निवडली ती केवळ त्यासाठी. आपल्या माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर ‘आदिमानवाच्या हातची मूळ चित्रे प्रत्यक्ष गुहेत उभे राहून पाहा’ असे छापलेले आहे. तरीही खात्री करून घ्यावी म्हणून आईने पैसे भरण्यापूर्वी स्वतः आपल्या कार्यालयात फोन करून ‘मूळच ना?’ असे दोनदा विचारले होते आणि दोन्ही वेळा तिला ‘हो काकू, मूळच’ असे उत्तर मिळाले होते.

बुधवारी, १४ मे रोजी, आम्हाला लास्कोच्या गुहेजवळच्या मोंतिन्याक या गावी नेण्यात आले तेव्हा तिथल्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच वाक्यात सांगितले की आपण पाहणार आहोत ती डिसेंबर २०१६ मध्ये खुली झालेली प्रतिकृती आहे. चार मुलांना १९४० साली सापडलेली मूळ गुहा १९४८ पासून लोकांसाठी खुली होती, परंतु माणसांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड, दमटपणा आणि दिव्यांचा प्रकाश यांमुळे भिंतींवर शेवाळ धरू लागले आणि चित्रे खराब होऊ लागली, म्हणून १९६३ साली ती बंद करण्यात आली. म्हणजे आपण जे दाखवण्याचे पैसे घेतले ते बासष्ट वर्षांपासून सामान्य पर्यटकाला दाखवलेच जात नाही. आईने ‘मग खरी कुठे आहे?’ असे विचारल्यावर त्या बाईंनी इमारतीच्या मागच्या झाडीने भरलेल्या टेकडीकडे हात केला. आई बराच वेळ त्या टेकडीकडे पाहत राहिली आणि नंतर एवढेच म्हणाली, ‘बंद ठेवली हे बरोबरच केलं त्यांनी, पण मला आधी सांगायला काय हरकत होती?’ माझ्या या संपूर्ण पत्राचा मुद्दा तोच आहे.

प्रतिकृती उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. भिंतीचा प्रत्येक उंचवटा आणि बैलाच्या पाठीची प्रत्येक रेषा त्या लोकांनी ज्या मेहनतीने उतरवली आहे त्याला आईनेही दाद दिली. परंतु ‘प्रतिकृती मूळ गुहेसारखीच असल्याने फरक पडत नाही’ हे आपल्या ई-मेलमधील विधान मला मान्य नाही, कारण ही प्रतिकृती आहे हे तिथले लोक उघडपणे सांगतात आणि लपवले ते फक्त आपण. त्यातही खेदाची गोष्ट अशी की मूळ चित्रे असलेल्या आणि लोकांसाठी खुल्या असलेल्या गुहा त्याच भागात आहेत. त्यांची नावे आपल्या माहितीपत्रकात कुठेही नाहीत. यात लबाडी असेल असे मी म्हणत नाही, कदाचित तो निव्वळ आळसही असेल, परंतु ग्राहकाच्या पदरी जे पडते ते दोन्हीतही सारखेच.

सोमवारी कनूचा कार्यक्रम होता. सेनाक ते बेनाक हे सुमारे नऊ किलोमीटरचे अंतर स्वतः वल्हवत जायचे होते आणि ‘पोहता न येणाऱ्यांसाठी व सर्व वयोगटांसाठी सुरक्षित’ अशी त्याची जाहिरात आपण केली होती. प्रत्यक्षात काठावरच्या फलकावर पोहता येणे आवश्यक असल्याचे स्पष्ट लिहिलेले होते आणि आई व मुलगा दोघांनाही पोहता येत नसल्यामुळे तिथल्या माणसाने नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. त्याचे काहीच चुकले नाही. आपल्या सहल समन्वयकांना फोन केला असता मात्र ‘येतं म्हणून सांगा, कोण तपासतंय’ असा सल्ला मिळाला. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा सल्ला देणाऱ्या व्यक्तीला आपण काय समज दिली, ते मला लेखी कळवावे. वास्तविक आमच्या हॉटेलपासून पाच मिनिटांच्या अंतरावरून गाबार नावाच्या सपाट बुडाच्या लाकडी नावा सुटतात. पूर्वी अशाच नावांतून दारूच्या पिंपांसाठी लागणारे ओकचे लाकूड नदीच्या खालच्या अंगाला जात असे, आणि आता त्यांतून पर्यटकांना तासाभराची निवांत फेरी मिळते. त्या आम्हाला आमच्याच खिडकीतून दिसल्या. तिकिटे आम्ही पदरच्या पैशांनी काढली.

यापुढील बाब लिहिताना मला त्रास होत आहे. माझी आई माळकरी आहे. नोंदणी अर्जात ‘शुद्ध शाकाहारी, अंडेही नाही’ असे मी लिहिले होते आणि हॉटेलला तसे कळवल्याचे आपण लेखी दिले होते. पहिल्या दोन रात्री जेवणात लसूण आणि बारीक चिरलेली पार्सली घालून खरपूस परतलेले बटाटे आले, ते आईला आवडले आणि दुसऱ्या रात्री तिने ते पुन्हा मागून घेतले. तिसऱ्या दिवशी मी कृती विचारली तेव्हा वाढणाऱ्या मुलीने अगदी सहजपणे सांगितले की जवळच्या सार्ला गावच्या पद्धतीचे बटाटे बदकाच्या चरबीतच परततात. हॉटेलच्या मालकीणबाईंना हे कळल्यावर त्या स्वतः टेबलाशी आल्या आणि त्यांनी आपल्याकडून आलेला संदेश दाखवला. त्यात चार माणसे एवढाच उल्लेख होता, आहाराविषयी एक शब्दही नव्हता. आईने ताट बाजूला सारले, काही बोलली नाही आणि उरलेले दिवस पाव, टोमॅटो, फळे आणि घरून नेलेल्या दशम्या-चटणीवर काढले. याची भरपाई रुपयांत कशी मागायची हे मला कळत नाही, त्यामुळे या बाबीसाठी मी आईच्या नावे लेखी माफीनामा मागत आहे.

सार्ला येथील प्रसिद्ध आठवडी बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी भरतो, तर आपण आम्हाला तिथे गुरुवारी नेले, त्यामुळे अक्रोड आणि चीजच्या दुकानांच्या रांगांऐवजी मोकळा चौक पाहून परतलो. त्याच संध्याकाळी मार्केसाकच्या बागेत मेणबत्त्यांच्या प्रकाशात फेरफटका होता. तो तिथे जुलै आणि ऑगस्टमधल्याच गुरुवारी असतो, मे महिन्यात नाही. बागेच्या माहितीफलकावर वाचता येणारी ही गोष्ट कार्यक्रम आखणाऱ्याने एकदा पाहिली असती तरी पुरे होते.

अखेर शुक्रवारी, कार्यक्रमात ‘मोकळा दिवस’ असल्यामुळे, आम्ही हॉटेलच्या मदतीने टॅक्सी करून मूळ चित्रे असलेल्या रूफिन्याकच्या गुहेत गेलो. वयामुळे आईला खऱ्या गुहा झेपल्या नसत्या, असाही एक बचाव आपल्या उत्तरात आहे. रूफिन्याकमध्ये छोट्या विजेच्या गाडीत बसवून आत नेतात. थंडी असल्यामुळे अंगावर शाल लागते, एवढेच. आतल्या खोलीच्या छतावर काळ्या रेषांनी काढलेले मॅमथ (नामशेष झालेले केसाळ हत्ती), घोडे आणि रानबकरे एकमेकांवर पसरलेले आहेत आणि कित्येक ठिकाणी जुन्या काळच्या पाहुण्यांनी मेणबत्तीच्या काजळीने आपापली नावेही लिहून ठेवली आहेत. आईने एका मॅमथच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली रेषा हवेत बोटाने गिरवून पाहिली आणि ‘हात उचललेला नाही त्याने’ असे म्हणाली. आपण नऊ लाख ऐंशी हजार रुपये घेऊन जे दाखवले नाही, ते आम्ही टॅक्सी व तिकिटे मिळून २६८ युरोंत पाहिले.

वरील सर्व बाबी म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी व दिशाभूल करणारी जाहिरात आहे, असे माझे म्हणणे आहे. तरी रूफिन्याकचा २६८ युरोंचा खर्च, गाबारच्या तिकिटांचे पैसे, दोघांचे कनूचे व चौघांचे बागेच्या संध्याकाळचे शुल्क, आणि लास्कोविषयी दिलेल्या खोट्या माहितीबद्दल माणशी २५,००० रुपये याप्रमाणे १,००,००० रुपये आपण परत करावेत. माहितीपत्रकातील ‘मूळ चित्रे’ हे शब्द तात्काळ काढून तिथे ‘प्रतिकृती’ असे छापावे आणि पुढच्या तुकड्यांतील ज्यांनी आधीच पैसे भरले असतील त्यांनाही तसे कळवावे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. आपल्या पावतीवर न्यायक्षेत्र मुंबई असे छापलेले असले, तरी तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची मुभा हा कायदा देतो, याची नोंद घ्यावी.

उत्तर पाठवताना माफीनाम्याचे पत्र मराठीत असावे, कारण ते आई स्वतः वाचणार आहे.

आपली विश्वासू,
(सही)
नाव व पत्ता नोंदणी अर्जाप्रमाणे

सोबत : पैसे भरल्याची पावती, माहितीपत्रकाचे तिसरे पान, नोंदणी अर्जाची प्रत, हॉटेलला आलेल्या संदेशाचे छायाचित्र, टॅक्सी व तिकिटांच्या पावत्या.