आप्पा, गुलाबी तळं काही सापडलं नाही

ती. आप्पा आणि आई, साष्टांग नमस्कार.

फोनवर निम्मं बोलणं झालंय, पण आप्पांना फोनवर पक्ष्यांचं सांगायला घेतलं की दोन मिनिटांत "बरं, जेवलास का, घे आईशी बोल" असं होतं, म्हणून हे लिहून पाठवतोय. आई, तू वाचून दाखव. मधली माकडाची गोष्ट खास तुझ्यासाठी आहे, ती गाळू नकोस.

तर गेल्या शनिवारी एकदाचे इथल्या केनियातल्या नाकुरूच्या तळ्यावर, तिथल्या नॅशनल पार्कात जाऊन आलो. नैरोबीपासून १६० किलोमीटर, पहाटे चारला निघालो, चिऊ सगळा घाट झोपेत, आणि उजाडता उजाडता गेटवर. आप्पा, पडवीतल्या त्या जुन्या कॅलेंडरवर जे गुलाबी तळं आहे ना ते हेच, आणि दोन वर्षं तुम्ही मागे लागला होतात की तिथं जा आणि तसाच फोटो काढून पाठव. आधी वाईट बातमी सांगून मोकळा होतो. तळं गुलाबी नाहीये. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, होते, अगदी नाहीत असं नाही, पण पार पलीकडच्या काठाला, फिकट खडूची रेघ ओढल्यासारखे, दुर्बीण लावल्यावर रेघ हलतीय म्हणून कळलं. आपल्या उजनी धरणाकाठच्या कुंभारगावच्या होडीतून ह्याच्या दसपट जवळून बघितलेत आपण.

गाइडला विचारलं तर तो हसला, म्हणाला सगळे हेच विचारतात. एके काळी इथं दहा लाखांवर रोहित असायचे, बहुतेक धाकटा रोहित, म्हणजे आपल्या भिगवणला येतो तो थोरला नव्हे, ठाण्याच्या खाडीत असतो तो, काळपट लाल चोचीचा. ह्याचं मुख्य खाणं एकच, स्पिरुलिना, पाण्यातलं हिरवं शेवाळासारखं असतं ते, आणि ते माजतं खारट सोड्याच्या पाण्यात. नाकुरूच्या तळ्याला बाहेर जायला वाटच नाही, पाणी आटायचं नि खार साठायचा, म्हणून ते जमत होतं. साधारण २०१० नंतर पाणी चढायला लागलं ते चढतच गेलं, खार पातळ झाला, शेवाळ कमी झालं, आणि पक्षी उठून बोगोरिया वगैरे दुसऱ्या तळ्यांवर गेले. पक्ष्याचं काय, त्याला सातबारा थोडाच सांभाळायचाय.

पण आप्पा, मला जे दाखवायचंय ते वेगळंच आहे. पार्कचं जुनं मेन गेट पाण्यात गेलं. जुने रस्तेही पाण्यात. आम्ही एका कच्च्या रस्त्यानं जात होतो तर रस्ता सरळ तळ्यात शिरला आणि संपला, बाजूचा खांब गुडघाभर पाण्यात तसाच उभा. काठाला पिवळ्या खोडाच्या बाभळींचं जंगल होतं, ती झाडं जागच्या जागी मेलीत, पांढरीफटक, हाडांसारखी उभी आहेत पाण्यात आणि प्रत्येक फांदीवर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेत. मला एकदम पळसदेवचं देऊळ आठवलं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की कळस वर यायचा, आणि आज्जी काठावर उभी राहून हात लांब करून सांगायची, तिथं आपला उंबरा, तिथं चिंच, तिथं सोप्यात तुझा बाप रांगायचा. आम्हा पोरांना दिसायचं नुसतं पाणी. इथं गाइडपण तसाच हात लांब करून सांगत होता, तिथं तिकीट ऑफिस होतं, तिथं आम्ही चहा प्यायचो. चिऊची आई म्हणाली तू एवढा गप्प का झालास. फरक इतकाच की आपल्याकडचं पाणी धरण बांधून अडवलेलं, इथं अडवलं कुणीच नाही. पाऊस वाढला हे तर आहेच, वरच्या माऊ नावाच्या डोंगरातली जंगलं तुटली, गाळ यायला लागला असंही सांगतात, कोण म्हणतं जमिनीच्या पोटातच काही हललंय, शेवटी ही रिफ्ट व्हॅली आहे, जमीन हळूहळू फाटत जाऊन झालेली दरी.

बरं, कुणाचं गेलं तर कुणाचं आलं. डास कमी व्हावेत म्हणून मागं कधी तरी ह्या तळ्यात मासे सोडले होते, त्या माशांच्या मागे पेलिकन आले. आता त्यांची चंगळ. तीस-चाळीस पेलिकन होड्यांसारखे रांगेत येतात आणि एकदम माना खाली घालतात, कवायत केल्यासारखे. मत्स्यगरुड तर दर दुसऱ्या वठलेल्या झाडावर, डोकं पांढरंशुभ्र, आणि मान मागं टाकून असा काही ओरडतो की चिऊनं कान झाकले. वहीत लिहायला ओळखीचे: कवड्या खंड्या आणि शेकाट्या, दोन्ही हुबेहूब आपलेच. नीलपंख इथला जास्त नटवा आहे, छाती जांभळट. गायबगळे म्हशी सोडून रानरेड्यांच्या पायात. आणि आपल्या साळुंकीच्या जागी इथं सुपर्ब स्टारलिंग म्हणून एक आहे, निळा चकचकीत, पोट विटकरी, तो पार्किंगमध्ये टायरखाली किडे शोधत फिरतो, त्याच्याकडे इथं कुणी ढुंकून बघत नाही!

गेंडे बघितले. पांढरा गेंडा म्हणतात पण आहे मातीच्याच रंगाचा. मादी नि पिल्लू रस्त्याच्या कडेला चरत होते, गाडीपासून दहा-बारा फुटांवर, गाइडनं इंजिन बंद केलं. ओठ चौकोनी, जमिनीलगत फिरवत गवत तोडत होती, त्याचा आवाज गोठ्यात म्हैस ओला चारा तोडते ना तस्साच, डोळे मिटले असते तर मी आपल्या गोठ्यात होतो. पांढऱ्या गेंड्याचं पिल्लू आईच्या पुढं चालतं आणि काळ्याचं मागं, असं गाइड म्हणाला, आणि खरंच पुढं चालत होतं. पाठीवर तांबड्या चोचीचे गोचिडखाऊ पक्षी बसलेले, त्यांना स्वाहिलीत 'अस्करी वा किफारू' म्हणतात, म्हणजे गेंड्याचा वॉचमन. कुणी जवळ आलं की ते कलकलाट करतात, गेंड्याला दिसतं कमी. पक्ष्याला इथं 'न्देगे' म्हणतात आणि विमानालापण न्देगेच, त्यामुळं चिऊ आता तिकडं यायचं म्हटलं की "आपण मोठ्या न्देगेत बसून आज्जीकडे जाऊ" म्हणते.

आता आई, तुझी गोष्ट. गाडीतून उतरायला ठराविक ठिकाणीच परवानगी असते, त्यातलं एक बबून क्लिफ, वरून सगळं तळं दिसतं. नावातच बबून आहे तरी आम्ही शहाणे तिथंच डबा उघडून बसलो. प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे म्हणून तुझे धपाटे स्टीलच्या डब्यात. मी फोटो काढायला वळलो आणि मागून एक धिप्पाड बबून आला, डबा उचलला, झाकण बाजूला टाकलं, धपाटे घेऊन शांतपणे कठड्यावर बसून खाल्ले. घाईसुद्धा नाही! शेंगदाण्याची चटणी मात्र हुंगून ठेवून दिली, तिखट लागली असणार. तू पाठवलेली भाजणी त्यात संपली, तेव्हा कोण येणार असेल तर त्याच्याबरोबर अजून दोन किलो पाठव.

आणि शेवटचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. निघताना गेटजवळच्या झुडपात काळा-पांढरा पक्षी बसलेला, डोक्यावर तुरा, शेपूट लांब. मी गाडी थांबवायला लावली. गाइड म्हणाला जॅकोबिन कक्कू, आणि पुढं निघायला लागला, मी म्हटलं अरे थांब बाबा, हा चातक आहे आमचा! मग त्याला सांगत बसलो की हा आमच्याकडे पावसाच्या आधी येतो, लोक वाट बघतात. तो म्हणाला इकडंही काही कायमचे असतात आणि काही तुमच्या बाजूनं समुद्र ओलांडून येतात, बघून काही सांगता येत नाही कुठला ते. दोन मिनिटं बसला, एक सुरवंट आपटून खाल्ला आणि गेला. फोटो हललाय पण तुरा दिसतो, व्हॉट्सॲपवर टाकलाय.

आप्पा, यंदा आपल्याकडे चातक कधी दिसला आणि शेवटचा कधी, ते वहीत बघून कळवा. शेवटची तारीख नक्की लिहा.

तुमचा,
बाळू