खारेपाटातल्या काकींना, चिंबोऱ्यांबद्दल

तीर्थरूप काकी,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या नातीकडून वाचून घ्या. ती मधली वाक्यं गाळते, म्हणून तिला आधीच सांगून ठेवते की सगळं वाचायचं. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. त्यामुळे चार लोकांसमोर लिहिते आहे, म्हणजे मधेच तोडता येणार नाही.

मी लातूरची. आमच्याकडे खेकडा म्हणजे ओढ्यातला, दगडाखालचा. तोही पोरांनी पकडायचा आणि आईने घरात घेऊ द्यायचा नाही. पनवेलला नोकरी लागल्यावर तुमची सून माझ्या शाळेत भेटली, आणि तिच्या डब्यातून मला तुमच्या चिंबोरीच्या, म्हणजे खाडीतल्या खेकड्याच्या, रश्शाची ओळख झाली. त्याआधी एकदा अलिबागच्या वाटेवर एका हॉटेलात मी मोठ्या हौसेने 'क्रॅब मसाला' मागवला होता. कवच फोडता फोडता दमले, आत पाणी आणि चिमूटभर मांस. बिल मात्र भरगच्च. मला वाटलं, ही फक्त नावाजलेली गोष्ट असणार. तुमच्या डब्याने तो समज मोडला आणि मी सुनेच्या मागे लागले की मला तुमच्या गावी, रायगडच्या खाडीकाठच्या खारेपाटात, ने.

तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत. या शनिवारी येऊ का विचारलं तर म्हणालात, "शनवार मला नको सांगू, तिथ सांग." मग तुम्हीच सांगितलीत, आषाढ वद्य द्वादशी. एकादशी सुटलेली, अमावस्या तोंडावर आणि श्रावण अजून लागायचा. पुनवेच्या चिंबोऱ्या पोकळ आणि अवसेच्या भरलेल्या, हे खाडीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. मला सांगावं लागलं. शनिवार-रविवारी गाड्या घेऊन येणारे आम्ही लोक चंद्र कुठे आहे ते न बघताच खेकडा मागतो आणि मग आत काही नव्हतं म्हणून कोकणाला नावं ठेवतो.

भरतीचा हिशोब तुम्ही चुलीसमोर बसून बोटांवर केलात. तिथीची पाऊणपट करायची. बाराचे पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला पूर्ण भरती आणि दुपारी तीनला ओहोटी. मी शाळेत गणित शिकवते काकी. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे आता कुणाला लागत नाहीत असं मीच वर्गात म्हणत आले. तुम्ही पाऊणकीवर समुद्र चालवून दाखवलात. पनवेलला परतल्यावर मी सातवीच्या वर्गाला तिथी दिल्या, भरतीच्या वेळा काढायला लावल्या आणि मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून बघायला सांगितल्या. थोडा मागेपुढे फरक पडला, पण पोरं चाट पडली.

दुपारी आपण बांधावर गेलो. अंगावर प्लास्टिकचा घोंगता, पायात तुम्ही घालायला लावलेले जुने मोजे. चिखलात कालवांच्या कपऱ्या पाय कापतात, चप्पल तर तिथेच रुतून बसते. एका बाजूला तिवरांची झाडं आणि खाडी, दुसऱ्या बाजूला लावणी झालेली भातं. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच असतं, मधे फक्त हा मातीचा बांध, हे तुम्ही दाखवेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चिंबोरी याच बांधात बीळ करते. एका बिळातून पाणी झिरपायला लागलं की उधाणात तिथेच खांड पडते आणि खारं पाणी शिरलेलं शेत पुढची काही वर्षं पिकत नाही. तेव्हा चिंबोऱ्या धरणं म्हणजे बांधाची राखणही असते. पूर्वी गाव मिळून बांध घालायचं, आता जो तो सरकारी दुरुस्तीची वाट बघतो, असं तुम्ही म्हणालात आणि जे पुढे म्हणालात ते मी इथे लिहीत नाही. खाडीच्या गाळात जन्म काढलेल्या बाईला तेवढं बोलायचा हक्क आहे.

चरीच्या संपाबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं. १९३३ साली याच भागातल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला आणि नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली तो संप वर्षानुवर्षं चालवला. तेवढा काळ घरात दाणा नसताना ही माणसं जगली कशावर, हे पुस्तकात नीट कळलं नव्हतं. तुम्ही खाडीकडे हात केलात आणि म्हणालात, सासूबाई सांगायच्या, चिंबोऱ्या, निवट्या म्हणजे चिखलातले छोटे मासे, आणि जंगलातल्या लाकडाच्या मोळ्या. तुम्ही ते असं सांगितलंत की जणू कालच्या बाजाराचा हिशोब.

धरायचं काम मात्र मला काही जमलं नाही. लोखंडी आकडी बिळात सारायची, चिंबोरीने ती धरली की हाताला कळतं, आणि मग ओढायची नाही, नुसती सोबत करायची. मी ओढत होते. तुम्ही एकेक अशी बाहेर काढत होतात की ती स्वतःच्या पायांनी आल्यासारखी वाटावी. वर आली की पायाने दाबून धरायची, मागून हात घालायचा, फांगडे, म्हणजे नांग्या, दोरीने आवळायचे. तुमच्या नातवाच्या बोटाला एकीने पकडलं तेव्हा मी किंचाळले, तो नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "खेचू नको, पान्यान धर, आपसूक सोरंल." आणि खरंच सोडलं.

पोटाकडून अंगठ्याने दाबून बघायलाही तिथेच शिकवलंत. कवच दबलं की ती नुकतीच कात टाकलेली, आत पाणीच. "पोकल हाय, सोर तिला." माझ्या हॉटेलातली चिंबोरी कोणती होती ते मला त्या क्षणी कळलं! लहानही सोडल्यात. मी विचारलं, एवढ्या मेहनतीने काढून सोडायची? तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की पुढचा प्रश्न मी गिळला.

संध्याकाळी पाऊस वाढला तेव्हा डोंगराकडच्या गोड्या पाण्याच्या शेतात बॅटरी घेऊन मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, बघायला नेलंत. खाडीच्या चिंबोरीचे मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतात, पोहायला. मुठ्याचे सगळे पाय टोकदार. हा फरक तुम्ही दोन्ही हातांत एकेक धरून दाखवलात. मग एक मादी उलटी केलीत, पोटाची पट्टी नखाने जराशी उचललीत, आणि आत मोहरीएवढी पिल्लं वळवळत होती. पूर्ण खेकडे, पायांसकट. खाडीची चिंबोरी अंडी सोडायला समुद्राकडे जाते, तिची पिल्लं कितीतरी रूपं बदलत परत खाडीत येतात. मुठ्याला समुद्र नाहीच, त्याची पिल्लं आईच्या पोटाखालीच तयार होतात. "हिला जाऊदे, हिच्या पोटाखाली आख्खा गाव हाय," म्हणत तुम्ही तिला बांधाशी ठेवलंत. पहिल्या पावसात रस्त्यावर आलेले मुठे पोत्यांनी भरून नेणाऱ्यांना हे एकदा दाखवायला हवं, असं मला फार वाटतं.

आता रस्सा. बारीक पाय पाट्यावर ठेचलेत, पाणी घालून गाळलेत, आणि ते राखाडी पाणी फोडणीत गेल्यावर जो वास सुटला त्याबद्दल मी काय लिहू? लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, तुमचा घरचा मसाला, चिंचेचा कोळ. खोबरं नाही. मी खोबऱ्याचं विचारलं तेव्हा "ते मालवणकडं" एवढंच उत्तर मिळालं. मोठ्या माद्यांत बेसन आणि मसाला भरून दोऱ्याने बांधलंत, त्या वेगळ्या. तांदळाची भाकरी हातावर थापलेली. पहिला फांगडा तुम्ही वरवंट्याने फोडून माझ्या ताटात ठेवलात, दुसरा माझा मला फोडायला लावलात. आतली केशरी लाख, म्हणजे गाभोळी, बोटाने काढून खायची असते, चमच्याने नाही, हे तुमच्या नातीने सांगितलं. त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. चिंबोरी खाताना गप्पा मारता येत नाहीत, हा या पदार्थाचा मोठाच गुण आहे. पाहुण्याला उगाच कौतुक करावं लागत नाही.

काकी, मी पाहुणी म्हणून आले होते. तुम्ही मला ओटीवर बसवून वाढलं असतं तरी मी खूश होऊन गेले असते. तुमचा तर वेळही वाचला असता, कारण माझ्यामुळे त्या दिवशी टोपली निम्मीच भरली हे मी पाहिलं. श्रावण लागला की गिऱ्हाईक आटतं. यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते त्या महिन्यांत खाडीच्या मालाला जो भाव येतो, तो अवसेपर्यंतच. त्या चार दिवसांतला एक तुम्ही मला दिलात. सून म्हणाली, आईंनी कधी कुणाला बांधावर नेलेलं नाही. त्याबद्दल मनापासून आभार. काकांचेही, रात्री एसटी स्टँडवर सोडायला आल्याबद्दल. आणि तुमच्या नातवाचे, माझी आकडी तीनदा बिळातून सोडवल्याबद्दल.

निघताना मी पैसे पुढे केले तेव्हा जेवणाचे घेतले नाहीत, पण शेजाऱ्यांसाठी बांधून दिलेल्या चिंबोऱ्यांचे बाजारभावाने पूर्ण घेतलेत, एक रुपया सोडला नाहीत. मला ते फार आवडलं. त्या चिंबोऱ्या पनवेलला जिवंत पोचल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायला सांगितलं होतंत तसंच केलं. एक रात्री मोरीत सुटली, तिला धरायला मजल्यावरचे सगळे जमले आणि शेवटी ती मी धरली. मागून हात घालून.

शेजारीण विचारते आहे, नारळी पुनवेनंतरच्या अवसेला मिळतील का? भरलेल्याच हव्यात. भाव तुम्ही सांगाल तो, घासाघीस करू नका म्हणून मी तिला बजावलं आहे.

तुमची,
लातूरची मास्तरीण