‘सर्वानुमते’ लिहिण्याआधी

डोंबिवली,
रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र कालच मिळालं. सोसायटीची निवडणूक लागलीय, तुला चेअरमन करायचं सगळ्यांच्या मनात आहे, हे वाचून बरं वाटलं. तुझ्याइतका हिशेबाला चोख माणूस त्यांना मिळायचा नाही. पण पुढे तू लिहिलंयस, की सर्वसाधारण सहा जागांना सात अर्ज आलेत, तळमजल्यावरच्या त्या मुलाने अर्ज मागे घेतला की सगळं बिनविरोध, आणि बुधवारी तुम्ही चारपाच जण त्याच्या घरी जाऊन त्याला समजावणार आहात. तिथे मी पत्र खाली ठेवलं. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. जाऊ नकोस त्याच्याकडे.

बिनविरोधमध्ये वाईट काय, असं तू विचारणार. खर्च वाचतो, जिन्यात समोरासमोर आल्यावर कुणी तोंड फिरवत नाही, गणपतीत दोन तट पडत नाहीत. मीही पाच वर्षं सेक्रेटरी असताना हेच म्हणायचो. त्या पाच वर्षांतली एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. लाज वाटत होती.

आमच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम निघालं होतं. चेअरमननी आपल्या मेहुण्याचं कोटेशन आणलं. दुसरं मागवलंच नाही. वार्षिक सभेत तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले आणि म्हणाले, निदान तीन कोटेशनं घ्या, आणि ज्याचा नातेवाईक आहे त्याने या विषयावर बोलू नये. त्यांच्या मागून आणखी एकाने हात वर केला. चहा यायची वेळ झाली होती. चेअरमन म्हणाले, ‘झालं ना, मंजूर.’ मी रात्री घरी बसून इतिवृत्त लिहिलं : ‘ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ मुद्दाम लिहिलं असंही नाही रे. आधीच्या सगळ्या पानांवर तोच शब्द होता, हात त्याच वळणावर गेला.

पंधरा दिवसांनी काका ऑफिसात आले. इतिवृत्ताची वही मागितली. उभ्याउभ्याच वाचली. मग त्या शब्दावर बोट ठेवून मला म्हणाले, ‘या सर्वांमध्ये मी नाही का?’ आवाज चढवला नाही त्यांनी. मी म्हणालो, पुढच्या सभेत दुरुस्ती करू. ती केली नाही. थंडीत काका गेले.

यापुढचं जास्त वाईट आहे. फ्लॅट काकांच्या नावावर होता, नॉमिनी काकू. काकांच्या जागी सभासद म्हणून आपलं नाव लागावं म्हणून त्यांनी महिन्याभरात सगळी कागदपत्रं आणून दिली, मूळ शेअर सर्टिफिकेटसुद्धा. चेअरमन म्हणाले, ‘असू दे, निवडणूक झाल्यावर बघू.’ ते पाकीट चौदा महिने माझ्या खणात पडून होतं. २०१५ ची निवडणूक लागली तेव्हा काकू अर्ज भरायला आल्या, आणि मीच त्यांना सांगितलं, ‘काकू, तुमचं नाव मतदारयादीत नाही.’ त्यांनी मला विचारलंही नाही, का नाही म्हणून. त्यांना माहीत होतं. अकरा जागांना अकराच अर्ज राहिले. महिलांच्या दोन राखीव जागांवर ज्यांची नावं घातली, त्यांच्या नवऱ्यांना विचारलं होतं, त्यांना नाही. आणि मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘समिती बिनविरोध. सर्व सभासदांचे आभार.’

बाळ्या, आमच्याकडे एकही खोटं मत पडलं नाही. पडायची गरजच उरली नव्हती. मतदानाच्या कितीतरी आधी, यादीतल्या एका नावाशी आणि इतिवृत्तातल्या एका शब्दाशी सगळं होऊन गेलं होतं. गच्ची मात्र दुसऱ्याच पावसाळ्यात पुन्हा गळायला लागली. सर्वात वरच्या मजल्यावरच्यांनी बादल्या लावल्या, आणि विचारणार कुणाला? समितीत विचारणारा कुणी ठेवलाच नव्हता आम्ही.

त्यानंतर मी सहकार कायदा नीट वाचायला घेतला. १९६० चा आपला महाराष्ट्राचा कायदा. त्यातलं कलम २७ एकदा शांतपणे वाच. शेअर कितीही असोत, माणशी एकच मत, आणि ते स्वतः येऊन द्यायचं. दुसऱ्याच्या हाती मुखत्यारी देऊन नाही. हे काही मुंबईतल्या कुणा बाबूच्या डोक्यातून निघालेलं नाही. इंग्लंडातल्या रॉचडेलमध्ये १८४४ साली २८ जणांनी, त्यात बरेचसे विणकर, पैसे साठवून पीठ-लोण्याचं दुकान काढलं, तेव्हापासून सहकारात ही रीत आहे. ज्याने जास्त पैसे घातले त्याला जास्त मतं, हे त्या गरीब माणसांनी नाकारलं. मग आपल्या ८४ फ्लॅटच्या बिल्डिंगीत एका विधवेचं एक मत खणात कोंडून ठेवायचा मला काय अधिकार होता?

पुढे २०१९ मध्ये कायद्यात खास गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. सभासद वारला तर वारसांची नोंद पुरी होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घ्यायची वाट त्यात दिलीय. मी ते वाचलं आणि पहिली आठवण त्या पाकिटाची झाली. तुझ्याकडे असे किती अर्ज पडलेत? बुधवारी कुणाच्या घरी जायचंच असेल तर त्यांच्याकडे जा.

बिनविरोधची हौस आपल्या सगळ्यांनाच आहे. गावची ग्रामपंचायत बिनविरोध झाली की आपण पेपरात कौतुकाने वाचतो. पण २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, तिथे सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून. गाव एकमताचं दिसत होतं, आणि आत बोली लागली होती. उलट बाजूही सांगतो, कारण तू लगेच ती काढशील. साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद २०१८ पासून निवडणुकीने न ठरवता एकमताने द्यायचं ठरलं आणि अरुणा ढेरे यवतमाळला अध्यक्ष झाल्या, तेव्हा मलाही आनंद झाला होता. पण तो सन्मान आहे. तिथे तुझ्या-माझ्या मेंटेनन्सच्या पैशांचे चेक सही होत नाहीत. जिथे दुसऱ्याच्या पैशावर सही करायची असते, तिथे ती सही करणाऱ्याला लोकांनी मतपत्रिकेवर निवडलेलं असावं, असं माझं ठाम मत झालंय.

आणि निवडून आलास की, कारण तू येणारच आहेस, एक माझं ऐक. कंत्राटात आपला किंवा आपल्या माणसाचा संबंध आला तर तसं सांगून खोलीबाहेर जा. आदर्श उपविधीतही, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीतही लिहिलंय, की पदाधिकाऱ्याचा संस्थेच्या कंत्राटात आडूनसुद्धा हितसंबंध नको. समितीच्या निर्णयाची जबाबदारी सगळ्यांवर मिळूनही आहे आणि प्रत्येकावर वेगळीही, म्हणून कुणाचा विरोध असेल तर त्याच्या नावासकट लिहून घे. तुझा स्वतःचा असेल तरी लिही. ज्याचा विरोध नोंदवला जातो तो माणूस सभेत आरडाओरडा करत नाही, हे मी मागाहून पाहिलं.

कारण आमच्याकडे पुढे निवडणूक झाली. २०२० ला व्हायची ती करोनात पुढे पुढे ढकलली जात २०२२ ला आली. अडीचशेपर्यंत सभासदांच्या सोसायट्यांना आता आपली निवडणूक आपण घेता येते. मी उभा राहिलो नाही. मतदारयादी करायचं काम मागून घेतलं. एकेका दारात जाऊन नाव, सही, शेअर सर्टिफिकेटचा नंबर ताडून पाहिला. काकूंच्या दारात सगळ्यात शेवटी गेलो. चष्मा लावून त्यांनी आपलं नाव वाचलं, त्याच्यावरून एकदा बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, ‘बरोबर आहे. बस, चहा टाकते.’ मी तिथेच त्यांची माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. चहा मात्र दिला.

त्या उभ्या राहिल्या. बाजारातल्या पत्रेवाल्याकडून साखरेच्या स्टीलच्या डब्याच्या झाकणाला फट पाडून घेतली होती, तीच आमची मतपेटी. रिकामा डबा सगळ्यांसमोर उलटा करून दाखवला, कुलूप लावलं, वर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सगळ्या उमेदवारांनी सह्या केल्या. संध्याकाळी पार्किंगमध्ये टेबल टाकून मोजणी झाली. एकेक मतपत्रिका वर धरून दाखवायची, मग फळ्यावर रेघ. बारक्या पोरांनाही कळत होतं काय चाललंय ते. काकू चार मतांनी पडल्या. मला वाटलं, आता त्या घरी जातील. त्या शेवटपर्यंत बसल्या, निकालाच्या कागदावर सही केली, आणि निवडून आलेल्या पोरीला म्हणाल्या, ‘गच्चीचं आधी बघ.’

त्या समितीने तीन कोटेशनं मागवली. ती नोटीस बोर्डावर लावली. कामावर देखरेखीसाठी तिघांना नेमलं, त्यात काकू होत्या.

तुझा तो तळमजल्यावरचा मुलगा हरेल, असं तूच लिहिलंयस. मग हरू दे की त्याला, मतं मोजून. मी शनिवारी पुण्याला येतोच आहे. तो डबा अजून माझ्याकडे आहे, कुलूप-किल्लीसकट. येताना घेऊन येतो.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
दिग्या