जुने नाणे घासण्याआधी ओळखून घ्यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थीच्या आधी घराची झाडलोट करताना गोव्यातल्या अनेक जुन्या घरांत पेटाऱ्याच्या तळाशी नाणी सापडतात आणि पूजेच्या भांड्यांबरोबर तीही चिंच लावून, राखेने घासून लख्ख केली जातात. हेतू चांगला असला तरी हानी कायमची होते. शतकानुशतके चढलेला काळपट-हिरवा थर खालच्या अक्षरांना जपत असतो. तो खरवडला की धातूवर बारीक चरे उमटतात आणि झिजत आलेली अक्षरे पुसली जातात. पोर्तुगीज काळातला बझारुक हातात घेतला की हे लगेच ध्यानात येते. तांब्याचे किंवा कथील-शिशासारख्या मऊ धातूचे हे ओबडधोबड नाणे आपल्या बाजारात सुट्ट्या पैशांसारखे चालत असे. काही बझारुकांवर संत कॅथरीनचे चक्र आहे, कारण पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकेर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी, म्हणजे तिच्या सणाच्या दिवशी, गोवा जिंकला. त्या चक्राचा एखादा आराच शिल्लक राहिलेला असतो आणि तोही राखेने गेला, तर हातात नुसती चकती उरते.

आमच्या भूमीतल्या नाण्यांची श्रीमंती थोड्यांनाच ठाऊक आहे. गोव्याच्या कदंब राजांच्या गद्याण या सोन्याच्या नाण्यावर सिंह आहे आणि दुसऱ्या बाजूस श्रीसप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा नागरी लिपीतला उल्लेख आहे. ज्या देवाचे देऊळ नार्वे येथे शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये पुन्हा उभारले, तोच हा देव. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर पोर्तुगालचा राजा दोम लुईश याच्या मुद्रेचा गोव्यातला रुपया 1881 पासून कलकत्त्याच्या टांकसाळीत पडू लागला. त्याचे वजन ब्रिटिश रुपयाइतकेच, सुमारे 11.66 ग्रॅम ठेवलेले होते. म्हणून असे नाणे समोर आले की मी आधी काट्यावर ठेवतो, मग भिंगाखाली त्याची कड पाहतो. ओतीव नकलेच्या कडेवर बहुधा सांध्याची रेघ आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसतात.

परदेशी नाणीही इथे कमी नाहीत. आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली एखादी पुतळी मूळची डुकाट, म्हणजे व्हेनिसचे सोन्याचे नाणे असू शकते. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला डोजे, म्हणजे व्हेनिसचा प्रमुख, आणि मागे ताऱ्यांच्या अंडाकृती प्रभावळीत येशू असतो. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि सोने जवळजवळ शुद्ध. भारतात घडवलेल्या नकलांवर लॅटिन अक्षरांच्या नुसत्या निरर्थक रेघा उरतात, तरी त्या नकलांनाही स्वतःचा इतिहास आहे. ही माळ मोडीत काढण्यापूर्वी कोणी एकदा तरी नीट पाहावी, असे मला कळकळीने वाटते. तारवटींनी, म्हणजे जहाजावरच्या आपल्या खलाशांनी, आणलेल्या चांदीच्या मोठ्या नाण्यांत ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचा थालर सापडतो. त्यावर 1780 हे साल असते, पण अरबस्तान आणि इथिओपियाच्या व्यापारासाठी तेच साल कायम ठेवून तो पुढे दीडशेहून अधिक वर्षे पाडला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीतही. तेव्हा साल वाचले म्हणजे वय कळले, असे होत नाही.

या अज्ञानाचा फायदा भामटे घेतात. रामदरबार किंवा हनुमान कोरलेली, 1616, 1717 किंवा 1818 सालची म्हणून सांगितली जाणारी ‘ईस्ट इंडिया कंपनी’ची नाणी मोबाइलवर लाखोंच्या भावाने दाखवली जातात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपण कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर केले, तरीही ‘नोंदणी फी’ म्हणून पैसे भरणारे आजही भेटतात.

माझी विनंती राज्य वस्तुसंग्रहालय आणि पुरातत्त्व खात्याला आहे. प्रत्येक तालुक्यात वर्षातून एकदा, शक्यतो चतुर्थीपूर्वी, नाणी ओळखून देण्याचे शिबिर भरवावे. अचूक काटा, भिंग, मोजपट्टी आणि जाणकार व्यक्ती एवढे पुरेसे आहे. नाण्याचे छायाचित्र, वजन, व्यास आणि ते कुठे मिळाले याची नोंद करून नाणे त्याच क्षणी मालकाच्या हाती परत द्यावे, कारण सरकार जप्त करील या भीतीनेच लोक दाखवायला कचरतात. जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, पण वंशपरंपरेने घरात आलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी आहे, हेही तिथेच सोप्या भाषेत सांगता येईल. शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत, हे परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या माणसांना त्याच वेळी कळेल. तोवर वाचकांनी सापडलेली नाणी कोरड्या कागदी पाकिटात एकेकटी ठेवावीत आणि पाकिटावर ती कोणाकडून आली ते लिहून ठेवावे.

आपला,
एक नाणेसंग्राहक, फोंडा